परळचे प्रयोग, केंब्रिजची छपाई

1896 साली मुंबईत मांडवीला प्लेग दिसला आणि शहर रिकामे होऊ लागले. पुढे दहा वर्षांनी परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने जे प्रयोग केले, ते या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावेत. दूषित पिसवा मोकळ्या सोडलेल्या खोलीत गिनिपिगांचे पिंजरे टांगले होते. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग झाला, दोन फुटांवरची वाचली. पिसूची उडी तेवढी उंच जात नाही, एवढेच त्याचे कारण. गाठीचा प्लेग दूषित हवेने पसरतो असे सांगणाऱ्या मोठमोठ्या विद्वानांना या दोन पिंजऱ्यांनी गप्प केले. उंदीर मुंबईचे, पिसवा मुंबईच्या, मेलेली माणसेही मुंबईचीच. अहवाल मात्र 1906 पासून छापून आले ते केंब्रिजच्या 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये.

'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' सुरू व्हायला जुलै 1913 उजाडला. त्याआधी दोन वर्षे स्थापन झालेली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन त्याच्या पाठीशी होती. तीच संस्था 1949 पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) म्हणून ओळखली जाते. हे नियतकालिक गोऱ्या साहेबांच्या सरकारचे अपत्य होते, हे लपवायचे कारण नाही. साम्राज्याला आपले सैनिक आणि मजूर जगवायचे होते. तरीही हिवताप, कॉलरा, काळा आजार यांविषयी इथेच बसून लिहिण्याची जागा तयार झाली, आणि ती शंभराहून अधिक वर्षे टिकली आहे.

पण पिकते तिथे विकत नाही, हा नियम स्वातंत्र्यानंतरही मोडला नाही. मद्रासच्या झोपड्यांत घरी राहून औषध घेणारा क्षयरोगी सॅनिटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे 1959 मध्ये जगाला कळले ते जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हातल्या 'बुलेटिन'मधून. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबीस यांनी मीठसाखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रोगी वाचवले. त्याचा निबंध 1973 मध्ये अमेरिकेतल्या 'जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल'मध्ये आला. गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा बंग दांपत्याचा प्रयोग 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. यात मला कुणाचाही दोष दिसत नाही. लंडनचा शिक्का नसता तर दिल्लीतल्या कचेऱ्यांनी गडचिरोलीकडे इतक्या लवकर पाहिले असते का, याची मला शंकाच आहे.

आता चित्र बदलते आहे. 1997 मध्ये पबमेड ही वैद्यकीय निबंधांची सूची सर्वांना मोफत खुली झाली. 'इंडियन जर्नल'मधला जो निबंध वाचायला पूर्वी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातले बांधीव खंड उपसावे लागत, तो आता नैरोबीतल्या किंवा लिमातल्या डॉक्टरला एका शोधात सापडतो, आणि पूर्ण मजकूर पैसे न देता वाचता येतो. 2020 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) भारतातल्या रोग्याच्या नमुन्यात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलेला कोरोना विषाणू याच नियतकालिकाच्या पानांवर आला. त्याच वर्षी पहिल्या राष्ट्रीय सेरोसर्वेक्षणाचा निबंधही इथेच आला. 21 राज्यांतले 70 जिल्हे, 28,000 माणसांचे रक्त, आणि प्रतिपिंडे सापडली ती जेमतेम 0.73 टक्के प्रौढांत. बीड, परभणी, नांदेड, जळगाव, सांगली, अहमदनगर हे आपले जिल्हे त्यात होते. साथ अजून देशभर मुरलेली नाही, हे त्या आकड्याने सांगितले आणि ते साऱ्या जगाने वाचले. दुसऱ्या फेरीचा निबंध मात्र 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'कडे गेला. ओढ अजून तिकडचीच आहे!

या ओढीचे एक नाव इम्पॅक्ट फॅक्टर. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचे यंदा किती संदर्भ दिले गेले, त्याला लेखांच्या संख्येने भागायचे. हिशेब सोपा आहे, पण सार्वजनिक आरोग्याला तो मुळात मानवत नाही. तेव्हाच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातली बीसीजी या क्षयावरच्या लसीची चाचणी पाहा. 1968 मध्ये काम सुरू झाले. अडीच लाखांहून अधिक लोकांना बीसीजी किंवा नुसते निष्क्रिय द्रव टोचले गेले. मग दर अडीच वर्षांनी पुन्हा त्याच गावांत जायचे, थुंकी तपासायची, कोण गेले, कोण स्थलांतरित झाले याची नोंद करायची. असे पंधरा वर्षे. निष्कर्ष निघाला तो असा, की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस तिथे संरक्षण देत नाही. 1999 मध्ये तो याच भारतीय नियतकालिकात सविस्तर छापला गेला, आणि आजही क्षयाच्या नव्या लसीवर काम करणारे त्याच्यापाशी येऊन थांबतात. नकारात्मक निकाल इतक्या सरळपणे मांडायला धैर्य लागते. दोन वर्षांच्या भागाकारात ते मावत नाही. परदेशात नाव व्हावे म्हणून संपादक जर असे निबंध परत पाठवू लागले, तर ते नाव मला नको.

हे पुस्तक अशा निबंधांची मराठीत ओळख करून देते. पीएसएमचे (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे) विद्यार्थी, तालुका आरोग्य अधिकारी, आरोग्यावर लिहिणारे पत्रकार आणि नुसती उत्सुकता असलेले वाचक, सर्वांचे स्वागत. घाबरू नका, संख्याशास्त्र वाटते तितके हिंस्र नाही. निबंध वाचताना सारांशावर विसंबू नका. आधी पद्धतीचा भाग वाचा, पहिला तक्ता नीट पाहा, आणि कोणाला वगळले ते शोधा. बहुतेक वेळा खरी बातमी तिथेच असते. आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरांत, आशाताईंच्या वह्यांत दहा वर्षांच्या नोंदी पडून असतील, तर त्या मांडा. पाठवायची वेळ आली की पहिला लिफाफा आपल्या देशातल्या नियतकालिकाच्या नावाने जाऊ द्या.