लस, नवी : जोखीम आणि लाभ

नव्या लशीने मिळणारे संरक्षण आणि तिच्यामुळे संभवणारा अपाय यांचा तौलनिक विचार. लस धडधाकट माणसाला टोचली जाते, म्हणून तिची कसोटी औषधापेक्षा कडक असते. आजारी माणूस औषधाचा त्रास सोसतो. पण खेळते मूल लशीने तापले तर आईचा जीव कासावीस होतो.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण प्लेगच्या लशीचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. बंगालमध्ये पटकीच्या लशीवर काम करणारे वॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली. मांसाच्या अर्कावर ते तुपाचे थेंब सोडत. त्यांच्या आधाराने जंतू लोंबत्या धाग्यांसारखे खाली वाढत. मग उष्णतेने ते मारून त्यात कार्बोलिक ॲसिड मिसळले जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा मोठी. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला आणि काही दिवसांत उतरला.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. एकाच छताखाली राहणाऱ्या दोन गटांची ही तुलना म्हणूनच मोलाची. संरक्षण मात्र पूर्ण नव्हते आणि ते काही महिनेच टिके. हाफकिन सक्तीच्या विरोधात होते. त्याच वर्षी पुण्यात घरोघरी सोजीर घुसवून राबवलेल्या प्लेग-बंदोबस्ताने लोकांचा सरकारी उपायांवरचा विश्वासच उडाला, आणि तो संशय लशीलाही भोवला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे पुराव्याने वेगळे दिसले : बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हा अन्याय चव्हाट्यावर मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. लशीची अंगभूत जोखीम आणि ती हाताळणाऱ्याच्या चुकीची जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलकोवालने १९ जिवांच्या मोलाने शिकवले.

तोलाची पारडी स्थळ-काळाप्रमाणे हलतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविडवरील लस कोव्हिशील्ड १६ जानेवारी २०२१ पासून देशात दिली जाऊ लागली. याच सूत्राच्या लशीनंतर ब्रिटनमध्ये रक्ताच्या गुठळ्या व प्लेटलेट घटण्याचा दुर्मीळ विकार आढळला : दर १० लाख पहिल्या मात्रांमागे सुमारे १५. तेथे साथ ओसरत असल्याने एप्रिलमध्ये तिशीखालील व मे महिन्यात चाळिशीखालील लोकांना दुसरी लस सुचवली गेली. तो निर्णय योग्यच होता. पण ज्या अमरावती विभागात बुलढाणा जिल्हा येतो, तेथे फेब्रुवारीपासूनच रुग्ण वाढत होते आणि पुढे देशभर खाटा व प्राणवायूची टंचाई झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या साठीतील मधुमेही माणसाला लस न घेण्याचा धोका घेण्याच्या धोक्याहून कितीतरी मोठा होता. मात्र दुर्मीळ अपाय लोकांपासून दडवणे कोणत्याही साथीत समर्थनीय नाही.

आज नांदुरा तालुक्यातील खेड्यांत उपकेंद्रावर वा अंगणवाडीत लसीकरणाचे सत्र भरते. कुपीवरील वर्तुळातला चौकोन बाहेरच्या कड्यापेक्षा फिका असेल तरच ती लस वापरायची. चौकोन कड्याइतका गडद झाला की कुपी बाद. प्रत्येक बाळाला नवी, एकदाच वापरता येणारी सुई. टोचल्यावर अर्धा तास थांबवतात, कारण तीव्र ॲलर्जी बहुधा तेवढ्यातच दिसते. बाळ दीड महिन्याचे असताना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीनंतर येणारा एक-दोन दिवसांचा ताप अपेक्षित असतो. झटके, धाप किंवा न थांबणारे रडणे मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवावे. अशा घटनेची नोंद आरोग्यसेविका वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याकडे पाठवते. दुर्मीळ अपाय ध्यानात येतात ते अशाच नोंदींतून.

नवी लस घेण्यापूर्वी आरोग्यसेविकेला विचारावे : हा आजार आपल्या भागात किती आहे, लशीची चाचणी कोणत्या वयोगटावर झाली आणि त्रास झाल्यास कोणाकडे जायचे. पूर्वी एखाद्या लशीची ॲलर्जी झाली असेल तर ते सुई टोचण्याआधी सांगावे, आणि लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे.