काचेच्या गोट्यांचे वंशज

केराटोकोनस झालेल्या मुलाला तपासणीला आणले की आईवडिलांचा प्रश्न एकच असतो : वाढलंय का? या विकारात पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, पातळ होत होत शंकूसारखी पुढे येते. डॉक्टर रंगीत नकाशावरच्या एका आकड्यावर बोट ठेवतात. तो के-मॅक्स, सर्वांत तीव्र वक्रतेचा आकडा. मागच्या खेपेला ५४.२ डायॉप्टर (प्रकाश वळवण्याच्या ताकदीचे एकक), आज ५५.१. या ०.९ मध्ये डोळा किती बदलला आणि मोजणी किती हलली? हे समजायचे तर त्या आकड्याचे कूळ पाहावे लागते.

मूळपुरुष ख्रिस्टोफ शायनर. सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी वाद घातलेला हाच तो जेझुइट. १६१९ साली इन्सब्रुकमध्ये छापलेल्या डोळ्यावरच्या ग्रंथात त्याने आपली रीत सांगितली. माणसाला खिडकीसमोर बसवायचे आणि त्याच्या डोळ्याशेजारी लहानमोठ्या काचेच्या गोट्या धरून पाहायच्या. ज्या गोटीत खिडकीचे प्रतिबिंब पारपटलातल्या प्रतिबिंबाएवढे दिसेल, त्या गोटीची गोलाई तीच डोळ्याची. डोळ्याला बोटही न लावता घेतलेले हे माप मला आजही थक्क करते. मात्र या रीतीबरोबर एक गृहीतही पुढच्या पिढ्यांच्या पदरात पडले : डोळा गोटीसारखा गोल आहे.

जिवंत डोळा क्षणभरही स्थिर राहत नाही. त्यावर १८५० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने तोड काढली. त्याने तिरक्या काचांनी प्रतिबिंब दुहेरी केले. डोळा हलला तरी दोन्ही प्रतिमा बरोबरच सरकतात, त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. १८८१ मध्ये एमिल जाव्हाल आणि यालमार शिओट्झ यांनी त्याचे दवाखान्यात वापरता येईल असे यंत्र केले. इतरांच्या डोळ्यांची मापे घेणाऱ्या जाव्हालची स्वतःची दृष्टी पुढे काचबिंदूने गेली, आणि त्यानंतरही त्याने अंधांसाठी पुस्तक लिहिले. त्याच्या यंत्राच्या घराण्यातला केरॅटोमीटर आजही वापरात आहे. पण तो मध्यभागाच्या सुमारे तीन मिलिमीटर वर्तुळावरचे मोजकेच बिंदू पाहतो, आणि शंकूचे टोक बहुधा मध्याच्या खाली असते.

त्याच सुमारास पोर्तो शहरातल्या अंतोनियो प्लासिदो दा कोश्ता या नेत्रवैद्याने काळीपांढरी वर्तुळे रंगवलेली तबकडी घेतली. तिच्या मधल्या भोकातून त्याने पारपटलावर पडलेले वर्तुळांचे प्रतिबिंब पाहिले. कडी जिथे दाटतात तिथे वक्रता तीव्र, जिथे विरळ होतात तिथे सपाट. मला या कुळातली सर्वांत प्रामाणिक वंशज ही तबकडीच वाटते, कारण ती आकडा देत नाही, वेडेवाकडेपण जसेच्या तसे दाखवते. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्सलरने १९३० च्या दशकात त्या कड्यांच्या किंचित कलण्यावरून केराटोकोनस अगदी सुरुवातीलाच ओळखायला शिकवले.

स्वीडिश नेत्रतज्ज्ञ गुलस्ट्रँडने १८९६ मध्ये या प्रतिबिंबांची छायाचित्रे मोजली. १९८० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन क्लाईस यांनी ते काम संगणकाकडे सोपवले आणि नकाशाला लाल-निळे रंग आले. नकाशा इतका देखणा झाला की त्याच्यामागचा अंदाज दिसेनासा झाला. कडी परावर्तित होतात ती पारपटलावरच्या अश्रूंच्या थरावरून. तो थर सुकला की कडी तुटतात. तीव्र शंकूवर ती एकमेकांत मिसळतात, आणि संगणकाला कुठले कडे कुठले हे ठरवणे अवघड जाते.

दुसरी शाखा दत्तक आलेली. ऑस्ट्रियन लष्करातला थिओडोर शाइम्पफ्लुग आकाशातून घेतलेल्या तिरप्या छायाचित्रांवरून जमिनीचे नकाशे बनवत असे. भिंग आणि फिल्म कशी कलती ठेवली की तिरपा पृष्ठभाग सगळाच स्पष्ट येतो, याचे पेटंट त्याने १९०४ मध्ये घेतले. तेच तत्त्व आज डोळ्याभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्यात आहे. त्यामुळे पारपटलाची मागची बाजू आणि जाडीही कळते, आणि हा मोठाच लाभ. पण कॅमेरा फेरी पुरी करतो त्या दोनेक सेकंदांत डोळा स्थिर हवा, आणि केराटोकोनसच्या रुग्णाला समोरचा दिवाच नीट दिसत नसतो.

शायनरची गोटी अजून सुटलेली नाही. मिलिमीटरमधली त्रिज्या डायॉप्टरमध्ये आणताना यंत्रे सहसा ३३७.५ ला त्या त्रिज्येने भागतात. पारपटलाचा खरा अपवर्तनांक १.३७६ च्या आसपास, पण हिशेबात धरतात १.३३७५, कारण मागच्या बाजूची वक्रता पुढच्या बाजूशी ठरावीक प्रमाणात असेल असे मानलेले असते. केराटोकोनसमध्ये मागची बाजूही फुगते आणि ते प्रमाण मोडते. शिवाय भागाकाराचाही एक फेरा आहे. निरोगी डोळ्यात त्रिज्या ७.८५ ऐवजी ७.७५ वाचली गेली तर फरक पडतो सुमारे ०.५५ डायॉप्टरचा. शंकू झालेल्या डोळ्यात तेवढीच, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची चूक ६.१४ च्या जागी ६.०४ करते आणि फरक ०.९ वर जातो. म्हणजे सुरुवातीचा तो ०.९, डोळा तसूभरही न बदलता.

आणि वर्षभरात एक डायॉप्टरची वाढ हा विकार वाढतो आहे असे ठरवण्याचा एक प्रचलित निकष आहे. २००३ मध्ये ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष मांडल्यापासून क्रॉसलिंकिंग, म्हणजे रिबोफ्लेविन आणि अतिनील किरणांनी पारपटल बळकट करण्याचा उपचार, रूढ झाला. तो करायचा की थांबायचे हे अनेकदा या एका डायॉप्टरवर ठरते. म्हणून जाणते डॉक्टर कडक लेन्स काही आठवडे आधी काढून ठेवायला सांगतात, कारण लेन्सने पारपटल दाबले जाते. मागच्या वेळचेच यंत्र वापरतात. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहत नाहीत. एका आकड्यावर न विसंबता जाडी आणि मागची बाजूही पाहतात. आणि एकाच बैठकीत तीन-चार मापे घेतात. हनुवटी टेकवा, डोळे मोठे करा, मधल्या दिव्याकडे पाहा, आता पापणी मिटू नका. झालं. थोडं मिचकावा, परत एकदा घेऊ.