खुणेचा रेणू

निर्यातीच्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक उतरले आहे का, हे तपासताना प्रयोगशाळेत त्या वाटलेल्या कोळंबीत आधी क्लोरॅम्फेनिकॉलच घालतात. फरक एवढाच, की घातलेल्या रेणूत पाच हायड्रोजनांच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजन, बसवलेले असते.

या रीतीचे कूळ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले. तिथल्या हॅरॉल्ड यूरी यांनी १९३१ मध्ये ड्यूटेरियम शोधले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेले रुडॉल्फ शोएनहायमर तिथे आले आणि यूरींचे विद्यार्थी डेव्हिड रिटेनबर्ग त्यांना मिळाले. १९३५ मध्ये दोघांनी ड्यूटेरियमची खूण केलेले मेद उंदरांना खाऊ घालून त्याचा शरीरातला प्रवास हुडकला. हा प्रयोग गाजला, आणि ते योग्यच. पण मला रिटेनबर्ग यांचे पुढचे पाऊल अधिक मोलाचे वाटते. १९४० मध्ये त्यांनी सहकारी फॉस्टर यांच्यासोबत, जड नायट्रोजन वापरून, मोजणीची नवी पद्धत मांडली: खुणेचा पदार्थ मोजून मिसळायचा, मग मूळ पदार्थाचा थोडाच अंश हाती आला तरी दोघांच्या गुणोत्तरावरून एकूण साठा काढता येतो.

कोळंबीचे गणित हेच. गाळताना, धुताना, आटवताना औषध वाया जाते, तसा खुणेचा रेणूही त्याच प्रमाणात जातो. मास स्पेक्ट्रोमीटर दोघांना वजनावरून वेगळे ओळखतो. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित अस्थिमज्जा निकामी होते, म्हणून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते देण्यावर युरोपीय संघाची बंदी आहे. तिथे २००३ मध्ये चाचणीला किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्याची अट घातली गेली.

खुणेची जागाही नीट निवडावी लागते. ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला जोडलेले ड्यूटेरियम पाण्यातल्या साध्या हायड्रोजनाशी अदलाबदल करून निसटते. कार्बनवरचे सहसा टिकते. कार्बन-ड्यूटेरियमचा बंध तुटायलाही चिवट. त्याच चिवटपणावर मर्क कंपनीने एका प्रतिजैविकाची भिस्त ठेवली होती. १९७०च्या दशकातल्या त्यांच्या फ्लुडॅलानिनमध्ये ड्यूटेरियम होते, ते शरीराने औषध सावकाश मोडावे म्हणून. जिवाणूची भिंत बांधण्याचे काम ते रोखत असे, पण बाजारात कधी आले नाही. ड्यूटेरियमयुक्त औषधाला अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली ती २०१७ मध्ये, हंटिंग्टन रोगातल्या अनैच्छिक हालचालींवरच्या ड्युटेट्राबेनाझिनला.

प्रतिजैविकांच्या संशोधनात मात्र ड्यूटेरियमचे रोजचे काम मोजणीचेच राहिले. क्षयरुग्णाच्या रक्तात रिफॅम्पिसिन पुरेसे पोहोचते आहे की मात्रा वाढवायला हवी, हे ठरवताना नमुन्यात असाच जड जोडीदार सोडतात.