रोज ऑफिसला नेता येईल अशी सुपरकार

सुपरकार रोज का चालवत नाहीत? 1980 च्या दशकात उत्तर सोपं होतं. मागचं दिसायचं नाही, क्लच जड, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापायचं. फेरारी 348 चा तर टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिनच खाली उतरवावं लागायचं!

मग 1990 मध्ये होंडाने एनएसएक्स आणली. 3 लिटरचं व्ही6 इंजिन सीटच्या मागे, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. पण काचा एफ-16 विमानाच्या कॉकपिटवरून सुचलेल्या, चौफेर दिसेल अशा. वर एसी, डिकी आणि होंडाचा भरवसा. मॅकलारेन एफ1 घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी ती चालवली आणि फेरारी-पोर्श सोडून हिलाच नमुना मानलं. स्वतःही ती कित्येक वर्षं वापरली.

विक्री मात्र 15 वर्षांत जेमतेम 18 हजारांच्या आसपास. लोक म्हणायचे, हिच्यात ‘ड्रामा’ नाही. म्हणजे गाडी त्रास देत नाही, हीच तक्रार!