१९७४ : एक वर्ष, दोन वाटा

फ्रान्समध्ये आज सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते. भारतात हे प्रमाण जेमतेम तीन टक्के आहे. वास्तविक डॉ. होमी भाभांच्या दूरदृष्टीमुळे आपण या क्षेत्रात लवकर उतरलो होतो. तारापूरचे केंद्र १९६९ सालीच वीज देऊ लागले. मग एवढी तफावत का पडली? इतिहासाच्या तासाला आपण अरब-इस्रायल युद्ध आणि पोखरण हे धडे वेगवेगळे शिकवतो. ते शेजारी ठेवले, की उत्तराचा मोठा भाग हाती लागतो.

ऑक्टोबर १९७३ मध्ये युद्ध पेटले. अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत भाव चौपट झाले. फ्रान्सजवळ स्वतःचे तेल नसल्यासारखेच होते. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुविजेचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. सरकारी वीज कंपनी एकच, अणुभट्ट्यांचे नमुनेही मोजकेच; त्यामुळे काम झपाट्याने झाले. १९९० पर्यंत त्या देशाची सुमारे तीन चतुर्थांश वीज अणूपासून मिळू लागली.

त्याच वर्षी, १८ मे रोजी, भारताने पोखरणला अणुस्फोट केला. कॅनडाने राजस्थानातील अणुवीज प्रकल्पाचे साहाय्य थांबवले. १९६३ च्या करारानुसार तारापूरला इंधन देणाऱ्या अमेरिकेने १९७८ च्या कायद्यानंतर हात आखडता घेतला. १९८२ मध्ये ते इंधन द्यायला पुढे आला, तो फ्रान्सच! आपल्या शास्त्रज्ञांनी जड पाण्याच्या अणुभट्ट्या स्वबळावर उभारल्या. पण त्यातल्या बहुतेक २२० मेगावॅटच्या, आणि देशातले युरेनियम तुटपुंजे. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने सूट दिली, तेव्हा कुठे आयातीची वाट मोकळी झाली. मधे चौतीस वर्षे गेली.

तेव्हा विजेतला अणूचा वाटा केवळ प्रयोगशाळेत ठरत नाही. इंधन, भांडवल आणि देशादेशांतला विश्वास तो ठरवतात. आता भारताने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते आजच्या क्षमतेच्या दहापटींहून अधिक आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली होती. म्हणून पुढचा हिशेब मांडताना युरेनियम कुठून येणार एवढेच विचारून भागणार नाही. जमीन कोणाची जाणार आणि त्यांना काय मिळणार, हेही आधीच ठरले पाहिजे.