शिळे आणि जुने

काळाने वस्तूवर केलेल्या परिणामाला आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. भाकरी शिळी होते. तांदूळ जुना होतो. एका शब्दात तक्रार आहे, दुसऱ्यात आदर. मग मद्याचे काय? ते शिळे होते की जुने? मद्याची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगतो. पण या लहानशा प्रश्नाच्या पोटात बराच इतिहास दडलेला आहे.

आपल्या परभणीकडे या इतिहासाची सुरुवात पेवापासून करावी. गावच्या पांढरीत खोल खड्डा खणायचा, तळाला व कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड माती-दगडांनी बंद करायचे. आतले धान्य हळूहळू श्वास घेते, प्राणवायू संपतो आणि कीड मरते. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. ज्वारी टिके, पण तिला पेवाचा वास लागे आणि ती बियाण्याच्या कामाची राहत नसे. तोंड बंद केल्याने वस्तू वाचते. पण जशीच्या तशी राहत नाही.

पेयांच्या बाबतीत मात्र आपल्या बाजारात हा धीर दिसत नाही. सकाळी गोड असलेली शिंदी संध्याकाळपर्यंत आंबटते. हातभट्टीची दारू तर गाळली की खपवायची. मद्य मुरवण्याची विद्या आपल्याकडे टिकली ती वैद्याच्या कपाटात. चरकसंहितेच्या अन्नपानविधीच्या अध्यायात नवे मद्य जड व दोष वाढवणारे, तर जुने हलके व रुची आणणारे मानले आहे. शार्ङ्गधराने औषधांची वये सांगताना चूर्णाला दोन महिने दिले. आसवे मात्र जुनी होतील तशी गुणवान होतात, असा निर्वाळा दिला.

आसवाची कृती पाहा. तुपाचा हात फिरवलेल्या भांड्यात काढा किंवा पाणी, गूळ अथवा मध आणि धायटीची फुले घालतात. फुलांबरोबर किण्व, म्हणजे यीस्ट, आत येते. तोंड बंद करून भांडे धान्याच्या राशीत किंवा जमिनीत महिनाभर ठेवतात. राशीत उष्णता फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. वैशाखात तापणाऱ्या आपल्या मुलखात हे महत्त्वाचे. भांड्यात पेटती काडी नेली आणि ती विझली, तर आंबणे चालू आहे. जळत राहिली, तर संपले. असे तयार झालेल्या आसवात साधारण ५ ते १२ टक्के मद्यार्क असतो.

आता दूरच्या बेल्जममध्ये चला. तिथे सातूला मोड आणून काढलेल्या रसाची, हॉप नावाच्या वेलीच्या फुलांनी कडवट केलेली बिअर मठातले साधू करतात. वेस्टमाल मठात १८३६ साली आणि शिमे गावाजवळच्या स्कुरमों मठात १८६२ साली हे काम सुरू झाले. १९१९ साली तिथल्या कायद्याने गुत्त्यांत कडक दारू पाजण्यास बंदी केली आणि जोरदार बिअरला मागणी आली. १९४८ साली, म्हणजे आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला त्याच वर्षी, स्कुरमोंच्या साधूंनी नाताळासाठी ९ टक्क्यांची काळसर बिअर काढली. बाटलीत थोडे जिवंत किण्व राहते. ते उरलीसुरली साखर व प्राणवायू खाते आणि पेयाला राखते. बाटलीवर सालही छापतात.

अशा बाटल्या थंड, अंधाऱ्या तळघरात उभ्या ठेवतात आणि दरवर्षी एक उघडून चव पाहतात. पहिल्या वर्षी फेस जोरात, चव तिखट-कडवट. दोन-तीन वर्षांनी हॉपचा कडूपणा ओसरतो आणि मनुका, खजूर, करपवलेल्या साखरेची आठवण येते. आणखी बरीच वर्षे लोटली की गोडी पातळ होते व ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. तळघर उबदार असेल तर हे सारे लवकर घडते. आसवाचेही तसेच. प्रथम गुळाचा कच्चा वास आणि धायटीचा तुरटपणा. मग गाळ बसून येणारा निवळपणा. पण तोंड नीट बंद नसेल तर त्याचे शुक्त, म्हणजे आंबट सिरका, होते.

आपल्याकडे वैद्य आणि तिकडे साधू! मद्य मुरवण्याची विद्या दोन्हीकडे संयमी माणसांच्या हाती राहिली, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याला आजच प्यायचे आहे, तो वर्षभर थांबणार कसा? मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यालाही हा भेद मानावा लागला; मद्यार्क असलेल्या औषधांवरची त्यातली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अवैध ठरवली.

परंतु ‘जुने ते सोने’ ही म्हण इथे जपून वापरावी. मद्याला जुने करणारा केवळ काळ नव्हे. अंगचा जोर, बंद तोंड आणि थंड अंधार, हे तिघे त्याचे राखणदार. त्यांतला एक जरी झोपला, तरी तोच काळ त्याला शिळे करतो. आणि जुने की शिळे, याचा निर्णय बाटलीवरच्या सालावरून होत नाही. त्यासाठी झाकण काढावे लागते, चव घ्यावी लागते, आणि बिघडले असेल तर वयाची भीड न धरता ओतून द्यावे लागते.