टेप पुसली, आवाज राहिला

उसाचा हंगाम सुरू झाला की बिद्रीची रात्र शांत राहत नाही. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे ट्रॉल्या चाललेल्या असतात, ट्रॅक्टरवरची गाणी लांबून ऐकू येतात. याच दिवसांत, २०२३ साली, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेला साठ वर्षं झाली म्हणून तीन विशेष भाग आले: २५ नोव्हेंबर, २ डिसेंबर आणि ९ डिसेंबर. मालिका सुरू झाली तेव्हा एका देशापुरती होती. हे भाग मात्र ब्रिटनबाहेर डिस्ने प्लसवरून दाखवले गेले. तिथली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र.

मालिका पाहिली नसेल तर दोन वाक्यांत सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी निळ्या पोलीस बॉक्समध्ये बसून काळात आणि अवकाशात फिरतो. मरायला टेकला की तो नवं शरीर घेतो, त्यामुळे नट बदलतात पण डॉक्टर तोच राहतो.

दुसऱ्या विशेष भागाच्या शेवटी व्हीलचेअरवर बसलेला म्हातारा विल्फ्रेड दिसतो. ती भूमिका करणारे बर्नार्ड क्रिबिन्स जुलै २०२२ मध्ये वारले होते. जाण्याआधी त्यांनी एवढाच प्रसंग चित्रित केला होता. मला तो एक मिनिटाचा प्रसंग भागातल्या सगळ्या राक्षसांपेक्षा मोठा वाटला. तिसऱ्या भागात डॉक्टरचं शरीर बदलण्याऐवजी त्याचे दोन डॉक्टर झाले. त्यावर फॅन लोकांत जी भांडणं लागली ती अजून मिटलेली नाहीत.

आता प्रश्न असा की या हसण्या-रडण्या-भांडण्याचं पुढे काय होतं? स्टेटस टाकलं तर चोवीस तासांत जातं. गेलं तर गेलं, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण या मालिकेचा इतिहास पाहिला तर फॅनची धडपड ही फुकटची गोष्ट नाही, हे कळतं.

मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर लागला. तो दिग्दर्शित करणारा तरुण होता वारिस हुसेन, जन्म लखनौचा, १९३८ चा. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. बातम्यांच्या त्या गदारोळात भाग अनेकांचा चुकला, म्हणून आठवड्यानं पुन्हा दाखवला. पुढे डालेक नावाचे यंत्रात बसलेले खलनायक आले आणि मालिका घरोघरी पोचली.

१९६५ सालचा २५ डिसेंबर शनिवारी आला. शनिवार हाच मालिकेचा वार. म्हणून डालेकांची बारा भागांची लांबलचक कथा मध्येच थांबवून सातवा भाग नाताळची गंमत म्हणून केला. पोलीस ठाण्यातला गोंधळ, मूकपटांच्या काळातलं हॉलीवूड, आणि शेवटी डॉक्टर पेला उंचावून थेट कॅमेऱ्याकडे बघतो आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांना शुभेच्छा देतो. 'डॉक्टर हू'चा नाताळ विशेष म्हणावा असा हा पहिला भाग.

आज तो कुणालाही पाहता येत नाही.

कारण साधं होतं. व्हिडिओ टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरता यायची. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग हवे तेवढ्या वेळा दाखवता येत नव्हते. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल भागांना परदेशात गिऱ्हाईक उरलं नाही. आणि लोक एक दिवस घरी बसून जुने भाग विकत घेतील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसले गेले, काहींच्या फिल्म टाकून दिल्या. परदेशी केंद्रांकडे गेलेल्या फिल्ममुळे काही भाग नंतर सापडले. २०१३ साली नायजेरियातून एकदम नऊ सापडल्याचं जाहीर झालं. पण परदेशात विकायच्या संचातून नाताळचा तो भाग वगळलेला होता. त्यामुळे तो कुठे कपाटात पडलेला असेल, ही आशाही फार कमी.

तरीही तो ऐकता येतो. नुसता तोच नाही, हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. तो बीबीसीनं नाही, फॅन लोकांनी जपला. शाळकरी पोरांनी टीव्हीसमोर माइक धरून टेप रेकॉर्डरवर भाग उतरवून घेतले. एकानं तर रेकॉर्डरच्या तारा थेट टीव्ही संचात जोडल्या. पुढे बीबीसीनं याच आवाजांवरून सीडी काढल्या आणि काही भागांना ॲनिमेशनची चित्रं जोडली. मालकानं फेकलेली वस्तू चाहत्याकडून परत घ्यावी लागली.

आणखी एक गंमत. बीबीसी निवडक प्रेक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायची आणि त्यांच्या मतांचे अहवाल बनवायची. टेप पुसल्या गेल्या, पण कागद राहिले. म्हणजे काही भाग आज दिसत नाहीत, पण ते पाहून एखाद्या गृहिणीला किंवा कारकुनाला काय वाटलं, ते वाचता येतं.

हे सगळं परक्यांचं वाटत असेल तर आपल्या कोल्हापूरला या. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली इथलाच. केंब्रिजमध्ये ते फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करत होते, त्याच काळात, १९६१ साली, हॉइल यांनी सहलेखक म्हणून लिहिलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची विज्ञानमालिका बीबीसीवर लागली. तिचाही आज एकच भाग पूर्ण उरला आहे. गुरूची मालिका अशी पुसली गेली. शिष्याची कथा मात्र टिकली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं पाठवलेली 'कृष्णविवर' पहिली आली. ती छापली गेली म्हणून आजही वाचता येते.

आपल्याकडे 'विशेष' म्हटलं की दिवाळी अंक. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांतून विज्ञानकथा दरवर्षी फराळाबरोबर घरात यायच्या. ते जुने अंक आज मिळतात ते वाचनालयांमुळे आणि रद्दीत न घालणाऱ्या वाचकांमुळे. टीव्हीचं तसं झालं नाही. १९८९ च्या सुमारास दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' या विज्ञानमालिका लागल्या. तेव्हा शाळेत असलेली पोरं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांतलं कुणी कारखान्यात कामाला असेल, कुणी शेती करत असेल, कुणी तुमचे काका असतील. कुणाच्या घरी बसून मालिका पाहिली, अँटेना फिरवायला छपरावर कोण चढायचं, कुठल्या भागाला वीज गेली, हे त्यांनाच माहीत आहे. त्यांची मतं घ्यायला प्रश्नावली घेऊन कुणी आलं नव्हतं.

तुमच्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे. साठ वर्षांपूर्वीच्या त्या पोरांच्या यंत्रापेक्षा तो कैक पटीनं चांगला आहे. काकांना एकदा चहाला बोलवा आणि विचारा. आणि पुढचा विशेष भाग पाहिलात की स्टेटस टाका, पण त्याआधी चार ओळी, तारखेसकट, वहीत लिहून ठेवा. ॲपवरून भाग कधी काढून टाकतील ते आपल्या हातात नाही. तो पाहताना आपल्याला काय झालं, ते लिहिणं मात्र आपल्याच हातात आहे.